राखीव करडं

मंजुषाच्या पोटात दुखायला फार मोठं कारण लागत नसे. शेजारणीची तुळस हिच्या तुळशीपेक्षा वीतभर उंच गेली तरी पुरे. लहानपणी वसमतला माहेरी असताना धाकट्या बहिणीला शाळेच्या कवायतीत पुढच्या रांगेत उभं केलं, म्हणून हिनं आठवडाभर तिच्याशी अबोला धरला होता. ‘या पोरीला दुसऱ्याच्या ताटातलं मीठसुद्धा जास्त दिसतं,’ असं तिची आई चारचौघांत म्हणायची. पुढं लग्न झालं, साखऱ्याच्या हरीशच्या घरी ती नांदायला आली, दोन लेकरांची आई झाली. पण स्वभाव काही माहेरी राहिला नाही, तो भांड्याकुंड्यांबरोबर सासरी आला.

तशी बाई गुणाची. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला पार मोडीत काढाल. मंजुषा गावची पशुसखी होती. शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं, वाढलेली खुरं कापायची, कुणाच्या शेळीचं पोट फुगलं तर हातातलं काम टाकून धावायचं, आणि तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर लसीकरणाला आले की त्यांच्या देखरेखीखाली घरोघर लस टोचायची. हात असा हलका, की शेळीला कळायच्या आत सुई बाहेर आलेली असायची. लसीची निळी पेटी खांद्याला अडकवून ती निघाली की पारावरची म्हातारी माणसंसुद्धा तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायची. त्या हाकेवर मंजुषा जगत होती म्हटलं तरी चालेल. या एका बाबतीत तिला कुणाचा हेवा करायची गरज नव्हती, कारण साखऱ्यात दुसरी पशुसखीच नव्हती.

आणि निता ही तिची धाकटी जाऊ. दोघींच्या चुली वेगळ्या होत्या, भिंत मात्र एकच. निता बडबडी, हसरी, जरा मिरवणारी. तिच्या हसण्याचा आवाज भिंतीपलीकडून आला की मंजुषाच्या तव्यावरची भाकरी करपायची. एवढं काय हसायचं असतं माणसानं, हे मंजुषाला कधी कळलं नाही. हरीशला विचारलं तर तो म्हणायचा, “तू बी हास की. कोन नको म्हनून राहिलं?” त्यावर मंजुषा आणखीच फुगायची.

दिवाळीनंतर डॉ. विजयकुमार गावात आले. तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर. भला माणूस, घाईगर्दीतही चहाला नाही न म्हणणारा. त्यांनी शाळेच्या ओसरीत शेळीवाल्या बायकांना जमवलं आणि एक नवीनच गोष्ट सांगितली. शेळ्यामेंढ्यांना जी बुळकांडी होते, नाक गळतं, तोंड येतं, हगवण लागून शेळी चार दिवसांत आडवी होते, तो रोग आता जगातूनच घालवायचा आहे. गायीम्हशींची बुळकांडी अशीच सगळ्या देशांनी मिळून घालवली. आता शेळ्यांची पाळी. पण एका देशानं आपल्या शेळ्या टोचून भागत नाही, कारण रोग काही पासपोर्ट काढून प्रवास करत नाही. म्हणून आपल्याकडचे, नेपाळचे आणि केनियाचे डॉक्टर मिळून काम करत होते. तिन्हीकडं पद्धत एकच.

“गावातल्या सगळ्या शेळ्या टोचायच्या,” विजयकुमार म्हणाले, “पण तीन करडं मुद्दाम तशीच ठेवायची. त्यांना लस द्यायची नाही. अधूनमधून त्यांचं रक्त तपासायचं. लस न देता त्यांच्या रक्तात रोगाशी लढल्याची खूण सापडली, तर समजायचं की रोग गावात फिरतोय. ती करडं म्हणजे आपले पहारेकरी.”

बैठक संपल्यावर त्यांनी मंजुषाला बाजूला घेऊन विचारलं, “कुणाच्या घरची करडं घ्यावी? तुम्हाला सगळ्यांचे गोठे ठाऊक आहेत.”

मंजुषाचं डोकं झपाट्यानं चाललं. न टोचलेलं करडू म्हणजे रोग आला तर पहिलं मरणारं करडू. आपल्या गोठ्यातलं तर देणं शक्यच नव्हतं. “निताची घ्या, साहेब,” ती म्हणाली. “नुकतं दूध सुटलंय त्यांचं. अन् घर बी आमच्या शेजारीच हाय, मी ध्यान ठेवीन.”

आपण किती सफाईनं बला दुसरीच्या दारात सारली, या समाधानात ती घरी आली. त्या दिवशी तिची एकही भाकरी करपली नाही.

हे समाधान महिनाभर टिकलं. मग केनियाच्या डॉक्टरीणबाई आल्या. डॉ. न्याम्बुरा. उंच, काळ्यासावळ्या, डोक्याला रंगीत रुमाल बांधलेल्या, आणि हसल्या की सगळं अंगण हसल्यासारखं वाटायचं. त्या थेट निताच्या गोठ्यात गेल्या, शेणामुताची फिकीर न करता करडांजवळ उकिडव्या बसल्या. प्रत्येकाच्या कानात पिवळा बिल्ला मारला. रक्त घेतलं. मग निताच्या बाजेवर बसून तिच्या हातचा चहा प्यायल्या, आणि आणखी अर्धा कप मागून घेतला. विजयकुमार मधे बसून इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करत होते. निताला इंग्रजी येत नव्हतं, पण हसायला कुठं भाषा लागते. दोघी मनसोक्त हसल्या.

आता आपल्याकडं देवाला बोकड सोडायची रीत आहे. एकदा का बोकड देवाच्या नावानं सोडला की त्याला कुणी मारत नाही, दावं लावत नाही, तो कुणाच्या ज्वारीत तोंड घालून गेला तरी लोक हात जोडतात. ही तीन करडं पाहून गावाच्या मनात तेच आलं. सगळ्या शेळ्या टोचल्या, ही तेवढी राखली. कानात पिवळं लेणं घातलं. परदेशातून बाई त्यांना बघायला आली. म्हणजे ही सोडलेलीच. निता रोज सकाळी त्यांच्या कपाळाला कुंकू लावू लागली. गिरणीवर, हापशावर, किराणा दुकानात ती एकच वाक्य बोलायची, “माझी करडं राखीव हायेत ना.” येणारेजाणारे वाकडी वाट करून गोठ्यात डोकावून जायचे. मंजुषाचा गोठा अलीकडंच होता, त्यात कुणी मानही वळवून पाहत नसे.

मंजुषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि जळायचं तरी कुणाच्या नावानं? निताचं नाव तिनंच सांगितलं होतं. हातात आलेला मान आपणच भिंतीपलीकडं फेकला, हे आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटायचं. स्वतःला मारता येत नाही म्हणून ती भांडी आपटायची.

त्यातच तो फोटो आला. केनियात कुठंशी मोठी बैठक झाली, तिथं न्याम्बुराबाईंनी पडद्यावर निताचा फोटो दाखवला, आणि विजयकुमारांनी तो कौतुकानं गावाच्या मोबाइल ग्रुपवर टाकला. मधोमध निता, कडेवर करडू, शेजारी न्याम्बुराबाई. करडाचे मागचे पाय कुणीतरी घट्ट धरलेले दिसत होते. ते हात मंजुषाचे होते. रक्त घेताना करडू तिनंच धरलं होतं. तिचं तोंड, तिची पेटी, तिचं सगळं फोटोच्या बाहेर राहिलं होतं.

“हे हात तुझेच व्हय ना?” हरीशनं मोबाइल तिच्यापुढं धरून विचारलं. बिचाऱ्याला वाटलं, बायको खूश होईल. “बांगड्यांवरनं वळखले मी.”

मंजुषानं त्या दिवशी जेवण केलं नाही.

पुढच्या वेळी विजयकुमार भेटले तेव्हा तिनं लाजलज्जा गुंडाळून ठेवली. “साहेब, माझ्याकडं बी करडं हायेत. लई तब्येतीची हायेत. रक्ताला ती घ्या की.”

“तुमची टोचलेली आहेत ना,” विजयकुमार हसून म्हणाले. “टोचलेल्या जनावराचं रक्त या कामाला चालत नाही, मंजुषाबाई. ते बाद.”

ते ‘बाद’ मंजुषाच्या डोक्यात जाऊन बसलं. टोचलेलं करडू बाद. मग निताची करडं टोचलेली असती, तर तीही बादच झाली असती. बाद झाली की साहेब दुसरं घर शोधणार. आपली एक शेळी शिमग्याच्या आसपास विणार आहे. तिची पिल्लं कोरीच असणार. एवढा सगळा हिशोब तिच्या मनात आपोआप मांडला गेला, तिला काही करावंच लागलं नाही. चुकलं ते एवढंच, की रक्त बाद कसं होतं हे तिनं अर्धंच ऐकलं होतं.

हळद शिजवायचे दिवस आले. साखरा दुपारभर रिकामं पडायचं, सगळी माणसं रानात कढयांपाशी. अशाच एका दुपारी मंजुषा शिवेवरच्या धनगरवाड्यातल्या राहिलेल्या मेंढ्या टोचून परत येत होती. डॉक्टर तिथूनच पुढच्या गावाला गेले होते. पेटीत थोडी लस उरलेली. एकदा पाणी मिसळलेली लस काही तासांनी कामाची राहत नाही, उरली तर टाकून द्यायची असते. मंजुषा टाकून देणारच होती. पण घराशी येताना निताच्या गोठ्याचं दार लोटलेलं दिसलं, आणि आतून करडांचा आवाज आला.

ती आत गेली. तिन्ही करडं कुंकू लावून, पिवळी लेणी घालून उभी. आपल्याकडं बघून ती ऐटीत मान वर करून राहिली आहेत, असं तिला वाटलं. “लई राखीव व्हय गं तुमी?” ती पुटपुटली. “मी काय विष देऊन राहिले का? लसच तर हाय. भलंच व्हईल तुमचं.” आणि तिनं तिघांनाही टोचलं. बराबर मात्रेत, बराबर जागी, कातडी चिमटीत धरून, सुई स्वच्छ करून. वाकडं काम करतानासुद्धा हातचं काम वाकडं करणं तिला जमलं नाही. मग ती घरी जाऊन हातपाय धुऊन भाजी निवडत बसली, आणि कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

उन्हाळ्यात दुसऱ्यांदा रक्त घेतलं तेव्हाही पाय धरायला तीच होती. आता ‘बाद’ असा निरोप येणार, याची ती मनातल्या मनात वाट बघत राहिली.

निरोप आला तो विजयकुमारांबरोबर. ते स्वतः आले, चहा नको म्हणाले. तिथंच मंजुषाला काहीतरी बिघडल्याचं कळलं.

“निताच्या तिन्ही करडांच्या रक्तात खूण सापडलीय,” ते म्हणाले. “लस न देता. म्हणजे रोग गावात येऊन गेला, नाहीतर अजून आहे. केनियाला, नेपाळला कळवायच्या आधी मला एकच विचारायचंय. चुकून, गर्दीत, त्या करडांना लस टोचली गेली नाही ना? तुमच्याकडून नाही होणार, पण विचारणं माझं काम आहे. लसीची खूण आणि रोगाची खूण रक्तात सारखीच दिसते.”

आता, याच घडीला, सगळं मिटलं असतं. मंजुषाला उमगलं की ‘बाद’ म्हणजे नुसतं निकामी नव्हे. न टोचलेलं म्हणून मांडलेलं करडू गुपचूप टोचलं, तर ते खोटी साक्ष देतं. तोंडापर्यंत शब्द आले होते. पण साहेब म्हणाले होते, तुमच्याकडून नाही होणार. व्हय म्हटलं की डॉक्टरीणबाई संपली. पेटी गेली, हाक गेली, आणि वर निताच्या देखत गेली.

“न्हाई, साहेब,” ती म्हणाली. “माझ्याकडून अशी चूक व्हत न्हाई.”

“तेच मी म्हणालो,” विजयकुमार म्हणाले, आणि उठून गेले.

मग जे सुरू झालं ते मंजुषाच्या हिशोबात कुठंच नव्हतं. आसपासच्या गावांतली शेळ्यांची ने-आण बंद झाली. कळमनुरीच्या बाजारात शेळ्या आणायला मनाई झाली, आणि तेही बकरी ईद तोंडावर असताना. दरवर्षी ईदच्या आधी कळमनुरीचे हैदरभाई बोकड न्यायला टेम्पो घेऊन यायचे. मंजुषाचे दोन, निताचे दोन, सगळ्यांचेच बोकड त्यांच्या भरवशावर वाढलेले. यंदा ते मोटारसायकलवर एकटेच आले आणि गावाबाहेरच्या नाल्यापाशीच थांबले.

“वहिनी, मी तरी काय करू?” ते हरीशला आणि मंजुषाला म्हणाले. “तुमचे बोकड मला पसंद हायेत. पन साखऱ्याचं नाव घेतलं की लोक हात झटकून राहिले. माझीच तकलीफ झाली ईदच्या टायमाला.”

गावाला राग काढायला जागा हवी होती, ती निताच्या गोठ्यात आयतीच सापडली. ज्यांनी कुंकू लावलेल्या करडांना हात जोडले होते, तेच आता तोंडाला पदर लावून तिथून जायचे. हौदावर निताच्या शेळ्या आल्या की बाकीच्या बायका आपल्या शेळ्या वळवून न्यायच्या. गावाच्या शेळ्या राखणारा फुलसिंग दारात येऊन सरळ म्हणाला, “वहिनी, तुमच्या शेळ्या माझ्यात घालू नका. लोक मला कामावरनं काढतील.” केनियावालीनंच काहीतरी आणलं असेल, असंही कुणी म्हणालं. निताचं हसणं बंद झालं.

खोटं कशाला सांगू, पहिले काही दिवस मंजुषाला गोड वाटलं. भिंतीपलीकडून हसू येत नाही, गिरणीवर मिरवणं नाही, फोटोचं नाव कुणी काढत नाही. पाहिजे होतं तेच झालं होतं. मग एका संध्याकाळी निता तिच्या दारात आली. डोळे सुजलेले.

“अक्का, तुला समजतं यातलं,” ती म्हणाली. “माझ्या हातून काय चुकलं असंल? मी तर त्यांना बाहेरचा पालासुद्धा घातला न्हाई. चांगली उड्या मारून राहिली, खाऊन राहिली. अन् रोग म्हनत्यात. मला दाखव ना, कुठं रोग हाय ते?”

“दिसत नसतो,” मंजुषा म्हणाली. “रक्तात असतो.” आणि चुलीकडं तोंड फिरवलं. निता बराच वेळ उंबऱ्याशी बसून राहिली. ती गेल्यावर मंजुषाला वाटलं, जाऊन सांगावं. पण एकदा न्हाई म्हणून झालं होतं, आणि आता त्या न्हाईवर तीन देश उभे होते.

अखेरीला डॉ. न्याम्बुरा पुन्हा आल्या. करडांच्या नाकातोंडात कापसाचे बोळे फिरवून ते तपासून झाले होते. निताच्या अंगणात लिंबाखाली सतरंजी घातली, गाव जमलं. विजयकुमार एकेक वाक्य मराठीत करून सांगत होते.

बाईंचं म्हणणं असं, की त्या चक्रावून गेल्या आहेत. करडांच्या नाकातोंडात रोगाचा मागमूस नाही. गावात एकही शेळी आजारी पडलेली नाही. पण रक्तात खूण आहे. म्हणजे कदाचित हा रोगाचा नवाच प्रकार असेल, जनावराला आजारी न पाडता गुपचूप फिरणारा. तसं असेल तर तिन्ही देशांना आपलं काम मुळापासून बदलावं लागेल. साखऱ्याच्या या करडांचं रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवू. जगभरातले डॉक्टर त्याची वाट बघत आहेत.

मग न्याम्बुराबाईंनी निताचा हात हातात घेतला. त्या लहान असताना त्यांच्या घरच्या सगळ्या शेळ्या याच रोगानं मेल्या होत्या, आणि गावानं त्यांच्या आईला दोष दिला होता. “त्या म्हणतात,” विजयकुमार म्हणाले, “निता, तुझा काहीही दोष नाही. उलट तुझ्यामुळं जगाला सावध होता येईल. तुझे सगळ्यांवर उपकार आहेत.”

अंगणात चुळबुळ झाली. हौदावर शेळ्या वळवून नेणारी सखुबाई पदरानं डोळे पुसत पुढं झाली आणि निताच्या पाठीवरून हात फिरवू लागली. दुसरी कुणीतरी पाणी घेऊन आली. फुलसिंग कोपऱ्यातून म्हणाला, “वहिनी, माफ करा बरं.” कुणीतरी मोबाइल वर धरला फोटोसाठी. आणि निता, रडता रडता, पुन्हा तसंच हसली.

मंजुषा भिंतीपाशी उभी होती. बाजार बंद होता तेव्हा ती बोलली नव्हती. हैदरभाई नाल्यावरून परत गेले तेव्हा बोलली नव्हती, निता उंबऱ्याशी बसली तेव्हाही नाही. पण हे तिला सहन झालं नाही. सगळं जग निताच्या करडांचं रक्त बघणार, आणि त्या रक्तात आहे काय? तिचं काम. तिची सुई. पुन्हा एकदा तिचं तोंड फोटोच्या बाहेर.

“कसला आलाय नवा रोग!” ती ओरडली. “माझी लस हाय ती! मी टोचली, माझ्या हातानं!”

सगळे तिच्याकडं वळले. मोबाइल धरणाऱ्याचा हात खाली आला.

“काय म्हणालात?” विजयकुमारांनी विचारलं.

“हळदीच्या टायमाला,” मंजुषा म्हणाली. आवाज आता बसला होता. “उरलेली लस व्हती. तिघांना बी टोचली.”

विजयकुमारांनी न्याम्बुराबाईंना सांगितलं तेव्हा बाईंनी डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला; रोग नव्हता. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि विजयकुमारांनी तो मराठीत आणला, “का केलंत, असं त्या विचारतायत.”

“मला बघवत नव्हतं,” मंजुषा म्हणाली.

विजयकुमारांना ते इंग्रजीत सांगायला वेळ लागला. न्याम्बुराबाईंनी मान हलवली, वहीत काही लिहिलं नाही.

“मी तुम्हाला विचारलं होतं, मंजुषाबाई,” विजयकुमार हळू आवाजात म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. “तुमच्या शब्दावर मी सगळीकडं कळवलं. आमच्या पशुसखीकडून चूक होत नाही, असं स्वतः लिहिलं. आता हे गाव या कामातून वगळावं लागेल. आणि उद्यापासून तुम्ही लसीकरणाला येऊ नका.”

त्यांनी पेटी मागितली. मंजुषानं घरातून आणून दिली. हरीश खाली मान घालून उभा होता. गावकऱ्यांच्या तोंडावरून तिला कळत होतं, की आजपासून हाक मारायची वेळ आली तर लोक नुसतं ‘हरीशची बायको’ म्हणतील.

निता मात्र या सगळ्यात अंगणात नव्हतीच. रोग नाही हे कळल्याकळल्या ती गोठ्यात पळाली होती. ती आता परत आली, एक करडू कडेवर घेऊन, उरलेली दोन पायांत घोटाळत. गर्दी आपोआप बाजूला झाली. जावाजावांचं आता चांगलंच जुंपणार, म्हणून मागच्यांनी टाचा उंचावल्या. मंजुषानंही पदर खोचून घेतला. शिव्या खायची तयारी होती, हात उगारला तर तोही सोसायची तयारी होती.

निता तिच्यासमोर येऊन उभी राहिली. “अक्का, एक इचारते. पन खरं सांग.”

“काय?”

“लस बराबर बसली का? म्हंजे खरंच रोग आला, तर ह्यांना व्हनार न्हाई ना?”

“न्हाई व्हनार,” मंजुषा म्हणाली. “तीन वरसं तरी न्हाई. बराबर टोचलीय मी.”

“मंग झालं,” निता म्हणाली. तिनं करडाच्या कपाळावरचं पुसट कुंकू अंगठ्यानं पुसून काढलं. “तुझ्याशी मी उद्या भांडीन. आज मला टाइम न्हाई.” आणि तिन्ही करडांना घेऊन ती हौदाकडं निघाली. बायका तिच्यामागं गेल्या.

मंजुषानं आजवर बहिणीचा, शेजारणीच्या तुळशीचा, फोटोचा, चहाच्या अर्ध्या कपाचा हेवा केला होता. पण इतकं सगळं भोगूनसुद्धा जिला सगळ्यात आधी करडांचं विचारावंसं वाटलं, त्या बाईचा त्या घडीला तिला इतका हेवा वाटला, की ती तिथंच भिंतीशी बसली आणि गावादेखत रडली.